जिन्याखालच्या बाईंची नवी हार्ड डिस्क

नोंदणी कचेरीत शिरलं की उजव्या हाताला जिना आणि जिन्याच्या खाली बाई. एकतीस वर्षं हा पत्ता बदललेला नाही. वरून येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपलांची धूळ बाईंच्या टेबलावर पडते. उंच माणूस बाईंशी बोलायला वाकला, की सरळ होताना त्याचं डोकं जिन्याला हमखास आपटतं. बाई मान वर न करता म्हणतात, "सांभाळून." तोवर आपटून झालेलं असतं.

बाई टायपिस्ट. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, अर्ज, शेजाऱ्याविरुद्धच्या तक्रारी आणि आठवड्याभराने त्याच तक्रारी मागे घेतल्याची पत्रं, सगळं त्यांच्याच हातून जायचं. आधी टाइपरायटरवर, गेली सहा वर्षं लॅपटॉपवर. सगळे नमुने डोक्यात, त्यामुळे जुन्या फायलींची त्यांना कधी गरज पडली नाही. तरुणपणी टायपिंगच्या क्लासात एका तिरसट मास्तरांनी त्यांना सांगून ठेवलं होतं, की नजर मजकुरावर ठेवायची, यंत्राकडे बघायचं नाही. समोरचा सांगेल ते टाइप करायचं, स्वतःचं डोकं चालवायचं नाही. आणि चूक झाली की कागद फाडून नवा घ्यायचा, खाडाखोड करायची नाही. मास्तर गेले, क्लासच्या जागी कपड्यांचं दुकान आलं, पण बाई काही त्या उपदेशातून बाहेर आल्या नाहीत. लॅपटॉपवरसुद्धा एक अक्षर चुकलं, की त्या अख्खी फाइल टाकून द्यायच्या आणि कोरं पान उघडायच्या. चुकलेलं अक्षर पुसायचं बटण असतं हे जावयाने एकदा अदबीने दाखवलं होतं. बाई म्हणाल्या, "ते खोडणं झालं, जावईबापू." विषय संपला.

आता झालं काय, कचेरीत नवे साहेब आले. नवे साहेब म्हटले की त्यांना काहीतरी हलवावं लागतंच. या साहेबांच्या डोळ्यांवर आवारातली टायपिस्टांची टेबलं आली. टेबलं आठ होती, साहेबांच्या मते तीन पुरेशी होती. शुक्रवारी दुपारी एक वाजता नोटीस लागली: सोमवारी अकराला तपासणी. कॉम्प्युटर आणि प्रिंटर चालू स्थितीत हवेत, साहेबांच्या समोर दहा मिनिटांत एक पान टाइप करून दाखवायचं, जमेल त्याचं टेबल राहील, बाकीच्यांचं उचललं जाईल.

बाईंनी नोटीस वाचली आणि डबा खायला बसल्या. दहा मिनिटांत एक पान म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. पण दोन वाजता लॅपटॉपच्या पोटातून 'कट् कट् कट्' असा आवाज आला, आणि पडदा काळा झाला तो झालाच.

समोरचा झेरॉक्सवाला आला, त्याने लॅपटॉपला कान लावला आणि चेहरा पाडून म्हणाला, "बाई, हार्ड डिस्क खलास. दुरुस्तीला टाका, मंगळवारी मिळेल."

"आणि सोमवारी मी काय नाकाने टाइप करू?"

झेरॉक्सवाला भला माणूस. त्याने संध्याकाळपर्यंत नवी डिस्क आणून दिली, एका पेनड्राइव्हवर सिस्टीम भरून दिली आणि सांगितलं, की आपण दोन दिवस बाहेरगावी चाललोय, बसवायची मात्र तुम्हालाच. बाईंनी घरी येऊन लेकीला फोन लावला. लेक दूरच्या शहरात. तिने फोन नवऱ्याकडे दिला, कारण तो कॉम्प्युटरच्या कंपनीत. जावई म्हणाला, "आई, अगदी सोपं आहे. मी फोनवर सांगत जातो, तुम्ही करत जा. तासाभराचं काम."

अहो, माणसाने सगळं करावं, पण सासूला 'अगदी सोपं आहे' असं सांगू नये.

बाई तशा तोंडाच्या फटकळ. साहेब असो, वकील असो, चुकला की झापलाच. पण जावयासमोर त्यांचा आवाज एकदम तुपात घोळून यायचा. 'अहो जावईबापू' आणि 'तुम्ही म्हणाल तसं'. सात वर्षं हेच. तोही तसलाच. वर्षातून दोनदा यायचा, खुर्चीच्या टोकावर बसायचा आणि 'हो आई', 'पुरे आई', 'नको आई' एवढंच बोलून परत जायचा. दोघंही एकमेकांशी इतकं चांगलं वागायचे, की बघणाऱ्याला घाम फुटावा.

घरात बाईंच्या सोबतीला वन्सं, म्हणजे त्यांची नणंद. बाईंचे यजमान गेल्यापासून दोघी एकत्रच राहायच्या. वन्सं सत्तावीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स होत्या आणि निवृत्त झाल्या आहेत हे त्यांना अजून कोणी नीट समजावून सांगितलेलं नाही. शनिवारी सकाळी त्यांनी जेवणाच्या टेबलावर धुतलेला पांढरा पंचा अंथरला, त्यावर लॅपटॉप पालथा ठेवला, स्क्रूड्रायव्हर स्पिरिटने पुसला आणि हातमोजे चढवले.

"वहिनी, उजेड इकडे धरा. पेशंटने सकाळपासून काही घेतलं नाही ना?"

"चार्जर काढलाय रात्रीच."

"छान."

फोन स्पीकरवर होता. जावई सांगत होता, वन्सं एकेक स्क्रू काढून वाटीत टाकत होत्या आणि मोठ्याने मोजत होत्या. अकरा भरले. पाठ उघडली, बॅटरीची वायर सोडवली, जुनी डिस्क बाहेर आली. वन्संनी ती उजेडात धरून बघितली आणि म्हणाल्या, "पार गेलेली होती. आधीच आणायला हवं होतं." नवी डिस्क खटकन बसली. सगळं दहा मिनिटांत झालं. जावई म्हणाला, आता लावा स्क्रू. वन्संनी वाटीत बघितलं.

"दहाच आहेत."

"एक नसला तरी चालतो हो, आत्या," जावई म्हणाला.

वन्संचा चेहरा असा झाला, की फोनवर दिसला असता तर जावयाने जागेवर माफी मागितली असती. "मोजणी जुळल्याशिवाय मी पोट बंद करत नाही," त्या म्हणाल्या. मग शोधाशोध. टेबलाखाली बघितलं, पंचा झटकला, बाईंच्या पदरात बघितलं, लॅपटॉप उलटा करून हलवला. पाऊण तास गेला. जावई बिचारा फोनवर लटकलेला, मधूनमधून नुसता 'मिळाला का?' विचारायचा. शेवटी बाईंना दिसला. वन्संच्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकालाच तो चिकटून बसला होता. लोहचुंबकाचं टोक ते, दुसरं काय होणार! त्याच स्क्रूड्रायव्हरने वन्सं पाऊण तास इकडे बघा, तिकडे बघा करत होत्या.

"मिळाला," वन्सं गंभीरपणे म्हणाल्या आणि पोट बंद केलं.

दुपारी पहिल्यांदा सिस्टीम घालायला घेतली. बाई म्हणाल्या, "जावईबापू, तुम्ही आधी सगळं सांगून टाका, मी शॉर्टहँडमध्ये उतरवून घेते." त्याने सांगितलं: हे दाबा, मग ते, मग दोनदा खाली, मग एंटर. सतरा पायऱ्या झाल्या. बाईंनी वही डावीकडे उभी केली, नजर वहीवर रोवली आणि बोटं सोडली. सतरा पायऱ्या नऊ सेकंदांत. लॅपटॉप अजून जांभई देत होता. त्याने बाईंनी दाबलेलं सगळं साठवून ठेवलं आणि जाग आल्यावर एका झटक्यात खरं केलं. तासाभराने पडद्यावर भलतीच अक्षरं आली, तीही उजवीकडून डावीकडे धावणारी. कुठल्या देशाची भाषा ते दोघींनाही कळेना.

"शुद्धीवर आलाय," वन्सं म्हणाल्या, "पण असंबद्ध बोलतोय."

"आई, भाषा चुकून दुसरी निवडली गेली," जावई म्हणाला. "काही हरकत नाही. आपण ती बदलू, आत एक ठिकाणी—"

"बदललेलं चालायचं नाही, जावईबापू. पहिलाच शब्द चुकलाय. पान गेलं. नवं घेऊ."

"पण आई, पुन्हा एक तास—"

"तुम्ही म्हणाल तसं," बाई गोड आवाजात म्हणाल्या आणि सगळं पुसून टाकलं.

रविवारी सकाळी दुसरी खेप. या वेळी एकेक पायरी, जावई सांगेल तेव्हाच. गाडी त्रेचाळीस टक्क्यांवर आली आणि थांबली. बाई भाजी घ्यायला खाली उतरल्या, वन्संना म्हणाल्या, जरा लक्ष ठेवा. वन्संनी वीस मिनिटं लक्ष ठेवलं. त्रेचाळीस म्हणजे त्रेचाळीस. लॅपटॉपच्या पोटावर हात ठेवला, पंखा वाजत नव्हता. बटणांवर टिचकी मारली, प्रतिसाद नाही. मग वन्संनी मनगटावरचं घड्याळ बघितलं, वहीत 'अकरा सतरा' असं लिहिलं आणि बंद करायचं बटण हळुवार दाबून धरलं.

बाई वर आल्या तर वन्सं हातमोजे काढत होत्या. "मी खूप प्रयत्न केले," त्या म्हणाल्या.

फोनवरून जावई कळवळला, "आत्या, तो चालू होता! त्रेचाळीसवर नेहमीच थोडा थांबतो!"

"माझ्या सत्तावीस वर्षांत असं कधी झालेलं नाही," वन्संनी सांगितलं आणि रुसून आतल्या खोलीत निघून गेल्या. नव्या साहेबांनी टेबल उचललं तर आपण काय करायचं, हा विचार तेव्हा बाईंच्या मनात पहिल्यांदा आला. घरी बसायचं? सकाळी उठून कुठे जायचं? पण जावईबापू फोनवर होते, म्हणून त्या म्हणाल्या, "चला, नवं पान."

तिसरी खेप जेवणानंतर. सगळं सुरळीत झालं, फक्त घड्याळ साडेचार तास पुढे लागलं. जावई म्हणाला, दोन सेकंदांत मागे घेता येईल. बाई म्हणाल्या, प्रतिज्ञापत्रावर वेळ चुकली तर ते रद्द होतं, मग हे कसं चालेल? पुसलं.

चौथ्या खेपेला तर खरोखर एकही चूक नव्हती. भाषा बरोबर, घड्याळ बरोबर, नाव बरोबर. जावयाने सुटकेचा असा निःश्वास टाकला, की स्पीकर खरखरला. इतक्यात बाई हळूच म्हणाल्या, "एक सांगायचं राहिलं. मधे मला ठसका लागला तेव्हा स्पेसबार दाबला गेला."

"केव्हा?"

"मधे."

"आई, त्याने काही होत नाही."

"पण त्याने काहीतरी विचारलेलं असणार ना, जावईबापू? आणि मी त्याला हो म्हटलं असणार. कशाला हो म्हटलं ते मला ठाऊक नाही. न वाचता मी कोणाला सही करू देत नाही, मग स्वतः कशी करू?"

पलीकडे दार सरकल्याचा आवाज झाला. मग लेकीचा आवाज आला, "आई, तो बाल्कनीत जाऊन उभा राहिलाय. आता उद्या सकाळी साडेआठला. आणि उद्या एकदाच हं, आई."

सोमवारी साडेआठला जावईही घाईत होता. रोज ऑफिसला जायच्या गडबडीत चहा-दुधाचं तोच बघायचा, त्यामुळे फोन शेगडीजवळच्या फळीवर उभा करून तो बोलत होता. पाचवी खेप अगदी ठरल्याप्रमाणे सरकली. त्रेचाळीस टक्के आले, वन्संनी हात मागे बांधून घेतले, त्रेचाळीस गेले. बाईंनी ठसका येऊ नये म्हणून तोंडात लवंग धरली होती. नऊ चाळीसला जावई म्हणाला, "हं, आई. आता तो नाव विचारेल. चौकोन दिसतोय? मी सांगतो तसं टाइप करा."

बाईंनी पाठ ताठ केली. बोटं जागेवर ठेवली, डोळे मिटले. कोणी तोंडी सांगायला लागलं की त्या डोळे मिटत असत, म्हणजे लक्षाला फाटे फुटत नाहीत.

"सांगा," त्या म्हणाल्या.

"थांबा हं आई, एक मिनिट. अगं, बघ ना, दूध उतू चाललंय! अगं धाव! गेलं, सगळं गेलं!"

बाईंची बोटं चालत होती.

पलीकडे भांड्यांचा खडखडाट झाला, कोणीतरी फडकं मागितलं, फोन पडला आणि कोणीतरी उचलला. मग जावई धापा टाकत परत आला. "सॉरी आई. झालं का नाव घालून?"

"झालं," बाई म्हणाल्या.

"वा. मग 'पुढे' दाबा."

बाईंनी दाबलं. पडद्यावर गोल फिरायला लागलं: 'तयारी चालू आहे. बंद करू नका.' जावयाने सांगितलं की आता काही करायचं नाही, आपोआप होईल, आणि तो ऑफिसला पळाला.

दहा वाजले, सव्वादहा वाजले, गोल फिरतच होतं. आता निघायलाच हवं होतं. पण 'बंद करू नका' असं यंत्राने स्पष्ट लिहून दिलेलं, मग झाकण कसं मिटायचं? बाई रिक्षात बसल्या त्या लॅपटॉप मांडीवर उघडा धरून, दोन्ही हातांनी, आमटीचं भरलेलं पातेलं न्यावं तसा. शेजारी वन्सं, मांडीवर प्रिंटर. रिक्षावाल्याला वन्संनी बजावलं, "खड्डे चुकवा. आत पेशंट आहे." त्या माणसाने घाबरून इतकी हळू चालवली, की पोचेपर्यंत अकराला पाचच मिनिटं कमी होती.

साहेब आधीच पहिल्या टेबलाशी उभे होते. पहिल्याचा प्रिंटर कागद गिळून बसला. "उचला," साहेब म्हणाले. दुसऱ्याचा कॉम्प्युटर सुरू व्हायला दीड मिनिट लागलं, तेवढंही साहेबांनी घड्याळ बघत काढलं. "उचला." बाईंनी लॅपटॉप टेबलावर ठेवला, वन्संनी वायरी जोडल्या. नेमका तेव्हा पडदा काळा झाला आणि यंत्र स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागलं. बाईंची पाचावर धारण बसली. एकतीस वर्षं गेली आता, एका काळ्या पडद्यात.

साहेब आले. उंच माणूस. जिन्याखाली वाकले आणि पडद्याकडे बघायला लागले. पडदा निळा झाला आणि त्यावर हातभर मोठी अक्षरं उमटली. साहेब लोक समोर आलेलं सगळं मोठ्याने वाचतात, तसं त्यांनी वाचलं.

"नमस्कार, थांबा हं आई एक मिनिट अगं बघ ना दूध उतू चाललंय अगं धाव गेलं सगळं गेलं."

खाली बारीक अक्षरांत होतं, 'थोडा वेळ लागेल.'

आता बाईंनीही पडद्याकडे बघितलं. बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. नावाच्या जागी! अख्ख्या कचेरीसमोर! त्यांचा हात थेट पर्समधल्या पेनड्राइव्हकडे गेला.

"साहेब, चूक झालीय. मला पाऊण तास द्या. मी सगळं पुसून पहिल्यापासून घालते."

वन्संनी त्यांचं मनगट पकडलं. नाडी बघतात तसं, पण जास्त घट्ट. "वहिनी," त्या दातांतल्या दातांत म्हणाल्या, "पेशंट टेबलावर आहे आणि श्वास घेतोय. पेनड्राइव्ह बाहेर आला तर मी तुम्हाला झोपेचं इंजेक्शन देईन."

पण साहेबांचं दोघींकडे लक्षच नव्हतं. ते वाकलेले होते तसेच गोठले होते. चेहऱ्याचा रंग उतरला होता.

"दूध," साहेब पुटपुटले. "सकाळी मी दूध ठेवलं होतं. गॅस... मी गॅस बंद केला का?"

आणि फोन काढायला ते जे ताठ झाले, ते डोकं जिन्यावर धाडकन आपटलं.

"सांभाळून," बाई सवयीने म्हणाल्या.

साहेबांना ते लागलंसुद्धा नाही. "हॅलो! अगं, दूध! दूध बघ आधी!... अगं, मी कचेरीतच आहे... बंद होता? कोणी केला?... तू केलास? मग मला सांगायचं ना!... नाही, मी ओरडत नाहीये..." मागे उभ्या असलेल्या कारकुनाने खिसे चाचपले आणि तोही फोन घेऊन बाजूला गेला. रांगेतल्या एका बाईने 'अगं बाई' म्हणत शेजारणीला फोन लावला. 'दूध उतू चाललंय' एवढं कानावर पडलं की स्वतःच्या घरचा गॅस आठवत नाही असा माणूस सापडायचा नाही. साहेबांचं बोलणं गॅसवरून पातेल्यावर, पातेल्यावरून सासऱ्यांवर आणि तिथून आणखी कुठे कुठे गेलं. चांगली पाच मिनिटं. तोवर लॅपटॉपचं गोल फिरायचं थांबलं आणि स्वच्छ, कोरा पडदा समोर आला. बाईंचा जीव भांड्यात पडला.

साहेब कपाळ चोळत परतले. "हं. सुरू आहे ना? घ्या. मी सांगतो, तुम्ही टाइप करा."

बाईंनी डोळे मिटले. साहेब सांगत गेले, बोटं पळत गेली. सात मिनिटांत पान प्रिंटरमधून बाहेर आलं. साहेबांनी हातात घेतलं, वाचलं, आणि मधेच थांबले.

"तिसऱ्या ओळीत हे काय? 'अहो तो पंखा लावा ना कोणीतरी'?"

"तुम्ही बोललात."

"मी पंख्याचं असंच म्हटलं. ते टाइप करायचं नव्हतं."

"तसं आधी सांगायचं. मी डोकं चालवत नाही."

साहेबांनी कागदाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं. "आणि ते दूध?"

"ते जावईबापू बोलले."

साहेब इतके हसले, की पुन्हा डोकं आपटता आपटता वाचलं. त्यांनी वहीत बाईंच्या टेबलापुढे 'राहील' असं लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'सांगितलेले सर्व टाइप करते. समोर बोलताना जपावे.'

दुपारभर बाईंच्या टेबलावर गर्दी होती. दर वेळी लॅपटॉप उघडला की तेच नाव पडद्यावर यायचं, आणि एरवी 'बाई, लवकर करा हो' म्हणून डोकं खाणारी माणसं ते वाचून चूपचाप बाकावर जाऊन बसायची. संध्याकाळी सहाला त्या घरी पोचतात तोच जावयाचा फोन. बाईंनी स्पीकर लावला आणि झालेलं सगळं सांगितलं. पलीकडे जावई पार खजील.

"अरे देवा. आई, माझ्यामुळे तुमची एवढी शोभा झाली. आय अ‍ॅम सॉरी, आई. आपण आत्ता ते नाव बदलू. अगदी सोपं आहे, दोन मिनिटं. आधी सेटिंगमध्ये जा—"

बाईंनी लॅपटॉप उघडला. ते नाव वर आलं. अगं धाव, गेलं, सगळं गेलं. सात वर्षांत या माणसाचा खरा आवाज त्यांनी तेवढाच ऐकला होता. हो आई, नको आई, पुरे आई यांच्या पलीकडचा. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोवर, सांडलेल्या दुधासाठी जीव तोडून ओरडणारा. बाईंना तो फार आवडला होता. इतका, की पुसायच्या कल्पनेनेच त्या एकदम भडकल्या.

"खबरदार त्या नावाला हात लावलास तर!" त्या कडाडल्या. "आणि शेगडीवर दूध ठेवून फोनवर गप्पा मारत बसतोस? अक्कल कुठे ठेवतोस रे, मूर्खा!"

वन्संच्या हातातला चमचा ताटलीत पडला. बाईंनी जीभ चावली. सात वर्षांचं 'अहो जावईबापू' एका वाक्यात मातीला मिळालं होतं, आणि बोललेलं काही फाडून टाकता येत नव्हतं. फोन ठेवला की काय त्याने? बाईंनी भीत भीत विचारलं, "जावईबापू? आहात ना?"

"आहे," जावई म्हणाला. मग त्याने घसा खाकरला आणि मोठा श्वास घेतला. "आणि तू गं, आई? चार-चार वेळा अख्खा कॉम्प्युटर पुसलास. अगं, एका ठसक्यासाठी कोणी पुसतं का? वेड लागलंय का तुला?"

बाईंनी खुर्ची ओढली, ऐसपैस बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "अरे, पण तू आधी माझं ऐकून तर घे."